टर्बो बिल्डसाठी एअरफ्लो मीटर कसा निवडायचा

टर्बो ठरला, इंजेक्टर ठरले, इंटरकूलर आला, पिस्टन-रॉड फोर्ज्ड टाकून झाले, आणि मग सगळ्यात शेवटी कोणीतरी विचारतं की अरे एअरफ्लो मीटरचं काय? तेव्हा दोनपैकी एक उत्तर येतं. एक, "आहे तोच चालेल ना". दोन, "मोठ्यातला मोठा टाकू, नंतर डोक्याला ताप नको". दोन्ही उत्तरं चुकू शकतात, आणि वाईट भाग असा की दोन्हीत गाडी सुरू होते, चालते, आठवडाभर मजा पण येते.

मी माझ्या पहिल्या टर्बो गाडीत दुसरी चूक केली होती. १०० मिलिमीटरचं हाउसिंग (मीटरचा सेन्सर जिच्यात बसतो ती नळी) मिळालं म्हणून टाकलं, दिसायला एकदम भारी, आणि मग तीन आठवडे गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, वरखाली वरखाली करत राहिली, सिग्नलला थांबलो की बंद पडायला बघायची. आयडल व्हॉल्व्ह बदलला, प्लग बदलले, मॅनिफोल्डचं गॅस्केट काढून परत बसवलं, धूर सोडून लिकेज शोधलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मीटरवर शंकाच आली नाही, कारण तो तर नवीन होता ना! असो, त्याचं कारण पुढे येईलच.

मीटरचं काम एकच, इंजिनात किती ग्रॅम हवा चालली आहे ते ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सांगायचं. ईसीयू त्या आकड्यावरून पेट्रोल किती टाकायचं ते ठरवतो, आणि इंजिनवर लोड किती आहे ते पण त्याच आकड्यावरून काढतो, म्हणजे इग्निशन टायमिंगसुद्धा त्यावरच. मीटर स्वतः एक हॉर्सपॉवर पण देत नाही. त्यामुळे मोठा घेतला म्हणजे गाडी पळेल हा विचार आधी डोक्यातून काढा. आपल्याला बघायचंय की आपलं इंजिन कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हवा घेणार, आणि ही दोन्ही टोकं एकाच मीटरमध्ये नीट बसतात का.

आधी कागद-पेन घ्या

हा हिशोब पाच मिनिटांचा आहे आणि लोक तोच टाळतात. समजा २ लिटरचं इंजिन आहे, ७००० आरपीएमपर्यंत नेणार, बूस्ट (टर्बोने हवेवर वाढवलेला दाब) १.२ बार. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरतं, म्हणजे मिनिटाला ३५०० वेळा २ लिटर, म्हणजे ७००० लिटर, सेकंदाला साधारण ११७ लिटर. सिलिंडर शंभर टक्के भरत नाही, चांगल्या हेडला ९५ टक्के धरा, आले १११ लिटर.

आता ही हवा दाबलेली आहे त्यामुळे एका लिटरमध्ये ग्रॅम जास्त. गेजवर १.२ बार म्हणजे खरा दाब २.२ बार, म्हणजे २,२०,००० पास्कल. इंटरकूलरनंतर मॅनिफोल्डमध्ये ४५ डिग्री धरू, केल्विनमध्ये ३१८. दाबाला २८७ (हवेचा स्थिरांक) गुणिले तापमान याने भागायचं, उत्तर येतं २.४१, लिटरला २.४१ ग्रॅम. त्याला १११ ने गुणा, २६७ ग्रॅम प्रति सेकंद. किलो प्रति तास हवं असेल तर ३.६ ने गुणा, जवळपास ९६०. बऱ्याच मीटरची माहिती किलो प्रति तासात दिलेली असते म्हणून दोन्ही आकडे लिहून ठेवा, मी एकदा दोन्हीची गल्लत करून चुकीचाच मीटर मागवता मागवता वाचलोय.

हा हिशोब करायचा कंटाळा असेल तर उलटीकडून या. पेट्रोल टर्बो इंजिनला दर १० हॉर्सपॉवरसाठी साधारण साडेसात ग्रॅम प्रति सेकंद हवा लागते, क्रँकवरच्या पॉवरचं बोलतोय, चाकावरच्या नाही. म्हणजे आपलं वरचं इंजिन ३५० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि ४५० चं टार्गेट असेल तर साधारण ३४० ग्रॅम. दोन्ही बाजूंनी आलेले आकडे जवळजवळ जुळले पाहिजेत, खूप फरक आला तर एक तर पॉवरचं टार्गेट स्वप्नातलं आहे नाहीतर बूस्टचा आकडा.

यावर मार्जिन ठेवायचं. मी २० ते २५ टक्के ठेवतो, म्हणजे २६७ साठी मीटर कमीत कमी ३२० ते ३३५ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. मार्जिन कशाला तर ऐका, थंड सकाळी मॅनिफोल्ड ४५ ऐवजी २५ डिग्रीवर राहिला तर त्याच बूस्टला तेच इंजिन २८५ ग्रॅम घेतं. आणि वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) जरा उशिरा उघडला, बूस्ट क्षणभर १.५ ला गेला, की झाले ३०० च्या वर. हा क्षण दीड सेकंदाचा असतो पण पिस्टन वितळायला तेवढा पुरतो.

मीटर भरला की काय होतं

घोडं पेंड खातं ते इथे. साधा व्होल्टेजवाला एअरफ्लो मीटर ० ते ५ व्होल्ट देतो. हवा वाढली की व्होल्टेज वाढतो, पण एका पातळीला तो ५ च्या जवळ जाऊन चिकटतो आणि पुढे कितीही हवा आली तरी तिथेच. समजा तुमचा जुना मीटर २५० ग्रॅमला चिकटतो. ईसीयूला तुम्ही फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८० सांगितलाय (लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर प्रमाणात, त्याच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त), तो इमानेइतबारे २५० ग्रॅम हवेला पुरेल एवढं पेट्रोल टाकतो, सेकंदाला साधारण २१ ग्रॅम. खरी हवा २६७ आहे म्हणजे लॅम्डा ०.८५, चला, चालून जाईल, गाडी उलट जरा जास्तच तरतरीत वाटेल आणि तुम्ही खूश. मग एक दिवस बूस्ट स्पाइक आला, हवा ३०३ झाली, पेट्रोल तेवढंच, लॅम्डा ०.९७. दीड बार बूस्टवर. वरून ईसीयूला वाटतंय लोड २५० चंच आहे त्यामुळे टायमिंग पण त्याच हिशोबाने जास्त दिलेलं. नॉक सेन्सरने (पेट्रोल अवेळी भडकून बसणारे ठोके ओळखणाऱ्या) वाचवलं तर वाचवलं.

म्हणून लॉगमध्ये (ईसीयूने नोंदवलेल्या आकड्यांत) मीटरची लाइन वर जाता जाता एकदम सपाट झालेली दिसली, आरपीएम वाढतोय पण ग्रॅम वाढत नाहीत, तर पाय लगेच काढायचा. दुसरा पुल (फुल थ्रॉटलची धाव) करून बघू वगैरे करू नका.

आणि एक गोष्ट जी खूप जण विसरतात, मीटरची लिमिट वेगळी आणि ईसीयूची लिमिट वेगळी. मीटर ४०० ग्रॅम मोजेल पण ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबलच ३०० ला संपत असेल तर तुमचा महागडा मीटर शोभेला. याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८६-८७ ची ब्युइक ग्रँड नॅशनल, ३.८ लिटर टर्बो व्ही६. त्या गाडीचा कॉम्प्युटर हवा २५५ ग्रॅम प्रति सेकंदाच्या पुढे मोजूच शकत नव्हता, कारण आठ बिटात सगळ्यात मोठा आकडा २५५ च मावतो. मॉडिफाय केलेल्या गाड्या त्याच्या सहज पुढे जायच्या आणि मग वरचं फ्युएल आरपीएमच्या अंदाजाने टाकावं लागायचं. आजचे ईसीयू एवढे गरीब नाहीत पण लिमिट असतेच, ट्यूनरला मीटर घ्यायच्या आधी विचारा की टेबल कुठपर्यंत जातं आणि ते वाढवता येतं का. काही ईसीयूत हवा आणि लोड दोन्हीला वेगवेगळ्या मर्यादा असतात, दोन्हीबद्दल विचारा.

आणि खालचं टोक

आता माझ्या १०० मिलिमीटरच्या हाउसिंगकडे येऊ. २ लिटरचं गरम झालेलं इंजिन आयडलला २ ते ३ ग्रॅम हवा घेतं, अंदाजे जेवढे लिटर तेवढे ग्रॅम असं लक्षात ठेवा. २.५ ग्रॅम हवा ७० मिलिमीटरच्या पाइपातून गेली तर तिचा वेग सेकंदाला साधारण ५४ सेंटिमीटर. ८० मध्ये ४१. आणि १०० मध्ये २७. सेकंदाला २७ सेंटिमीटर, रांगणारं बाळ याच्यापेक्षा जोरात जातं! एवढ्या हळू हवेत सेन्सरला खरा फ्लो कुठला आणि बॉनेटखालच्या गरमीने, पंख्याने, इंजिनच्या धडधडीने हललेली हवा कुठली ते नीट कळत नाही. मग रीडिंग नाचतं, पेट्रोल नाचतं, आयडल नाचतो. आणि तुम्ही आयडल व्हॉल्व्ह बदलत बसता.

मीटरचा कर्व्ह, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला किती हवा, तो पण असा असतो की खाली थोडा व्होल्टेज बदलला की टक्केवारीत हवा खूप बदलते. त्यामुळे मोठं हाउसिंग घेताना दोन-तीन टक्क्यांचा खेळ नसतो. मी आता नियमच केलाय, मार्जिनसकट जो आकडा आला त्याला पुरेल असं सगळ्यात लहान हाउसिंग. तीनशे-साडेतीनशे हॉर्सपॉवरला ८० च्या आसपास बहुतेक वेळा पुरतं. १०० चं लागेल असं इंजिन तुमच्याकडे असेल तर तुम्हाला हा लेख वाचायची गरज नसेल.

साइज बदलल्यावर रेंज किती वाढते ते मात्र सोपं आहे. सेन्सर तोच, फक्त नळी मोठी, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात. ७० वरून ८० ला गेलात तर ८० चा वर्ग भागिले ७० चा वर्ग, १.३१ पट. म्हणजे ७० मध्ये २५० ला भरणारा सेन्सर ८० मध्ये ३२५ च्या आसपास भरेल. व्यास बाहेरून मोजू नका, आतून, आणि सेन्सर जिथे बसतो त्याच जागी, कारण काही हाउसिंग आतून निमुळती असतात.

कुठल्या प्रकारचा घ्यायचा

जुन्या गाड्यांत फ्लॅपवाला मीटर असतो, बॉशच्या एल-जेट्रॉनिकच्या जमान्यातला, हवा एक झडप ढकलते आणि झडप किती उघडली त्यावरून मोजमाप. टर्बोसाठी तो काढून टाका. तो वजन मोजत नाही, आकारमान मोजतो, झडप पूर्ण उघडली की पुढचं कळत नाही, आणि हवेच्या वाटेत अडथळा वेगळाच.

कारमन व्होर्टेक्सवाले मीटर मित्सुबिशीच्या ४जी६३ टर्बो इंजिनवर आणि टोयोटाच्या ७एम-जीटीईवर होते, हवेत भोवरे तयार होतात ते मोजायचे. हुशार कल्पना आहे, पण तेही आकारमानच मोजतात आणि तापमान-दाबाची दुरुस्ती वेगळी करावी लागते. गाडीत असेल आणि पॉवर थोडीच वाढवायची असेल तर राहू द्या, नवीन मुद्दाम घेऊ नका.

बाकी सगळं हॉट वायर आणि हॉट फिल्म. तार किंवा पातळ फिल्म तापवून ठेवायची, हवा तिला थंड करते, ती गरम ठेवायला जेवढा करंट लागतो त्यावरून हवेचं वजन. गाडी घाटात उंचावर गेली, हवा विरळ झाली, तरी मीटरला वेगळं सांगावं लागत नाही. बॉशच्या जुन्या हॉट वायर मीटरमध्ये प्लॅटिनमची तार असायची, ७० मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसासारखीच, आणि इंजिन बंद केल्यावर ती क्षणभर १००० डिग्रीपर्यंत तापवून त्यावरची घाण जाळून टाकायची सोय होती. छान वाटतं ना? पण म्हणून तेलात भिजवलेला फिल्टर लावायची परवानगी मिळत नाही. तेलवाला फिल्टर धुतल्यावर जेमतेम तेल लावा आणि एक रात्र सुकू द्या, नाहीतर ते तेल उडून तारेवर बसतं आणि मीटर हळूहळू कमी सांगायला लागतो. साफ करायचा तर मीटरसाठीचाच स्प्रे, ब्रेक क्लीनर नाही, कापूस नाही, बोट तर अजिबात नाही.

आजच्या बिल्डसाठी माझी पसंती स्लॉट टाइप सेन्सरला, म्हणजे छोटा सेन्सर जो दोन स्क्रूने कुठल्याही हाउसिंगच्या भोकात बसतो. निसान जीटी-आर आर३५ चा सेन्सर लोक याच कारणासाठी दुसऱ्या गाड्यांत टाकतात. उद्या पॉवर वाढली तर नळी बदला, सेन्सर तोच. जुन्या निसानवाल्यांत झेड३२ म्हणजे ३००झेडएक्सचा ८० मिलिमीटरचा मीटर अजून चालतो, चांगला आहे, पण आता तो बहुतेक वापरलेलाच मिळणार आणि वीस-तीस वर्षं जुन्या इलेक्ट्रॉनिक्सवर मी तरी इंजिन टांगून ठेवणार नाही. बॉशचे एचएफएम ५ वेगवेगळ्या साइजमध्ये मिळतात, लहान साधारण ३७० किलो प्रति तासाचा आणि मोठा १००० चा. आपला आकडा आठवतोय ना, ९६०? १००० वाला कागदावर बसतो पण मार्जिन शून्य, म्हणून या इंजिनला तो नको.

व्होल्टेज की फ्रिक्वेन्सी हा पण प्रश्न येतो. फ्रिक्वेन्सीवाला, जसे जीएमचे बरेच असतात, तो मिळाला आणि ईसीयूला चालत असेल तर घ्या, कारण वायरिंगमध्ये थोडा व्होल्टेज पडला तरी आकडा बिघडत नाही. व्होल्टेजवाल्यात वरच्या टोकाला ०.१ व्होल्टची चूक म्हणजे हवेत सात-आठ टक्क्यांची चूक.

दोन बँक, दोन टर्बो असतील तर दोन मीटर लावता येतात, निसानच्या आरबी२६ इंजिनला कंपनीतूनच दोन आहेत. प्रत्येकाला अर्धीच हवा, त्यामुळे नळ्या लहान ठेवता येतात आणि आयडल सुधारतो, पण ईसीयूला दोन इनपुट हवेत आणि दोन्ही मीटर एकसारखे खरे हवेत.

कुठे बसवायचा, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

दोन जागा. टर्बोच्या आधी, फिल्टरनंतर, किंवा इंटरकूलरनंतर थ्रॉटलच्या आधी. पहिल्या जागेत मीटरला साधी, थंड, बिनदाबाची हवा मिळते, कंपनीच्या गाड्यांत बहुतेक हेच. तोटा असा की मीटरनंतर पुढे पाच-सहा होस आणि क्लॅम्प आहेत, त्यातला एक जरी बूस्टला सुटला किंवा गळायला लागला तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि गाडी रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, काळा धूर. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद झाल्यावर अडकलेला बूस्ट सोडणारी झडप) बाहेर सोडणारा लावला तर तेच, गियर बदलताना तो आवाज येतो ना, तो आवाज म्हणजे मोजून पेट्रोल ठरवून झालेली हवा. दोन गियरच्या मध्ये गाडी अडखळते, कधी बंद पडते. या जागी मीटर असेल तर व्हॉल्व्हची हवा परत टर्बोच्या तोंडाला, मीटरच्या पुढे जोडा. आवाज पाहिजेच असेल तर मीटर दुसऱ्या जागी न्या आणि व्हॉल्व्ह त्याच्या आधी ठेवा.

दुसऱ्या जागेत ही भानगड संपते, मोजलेली हवा सरळ इंजिनात. पण तिथे दाब आहे, गरमी आहे, टर्बोच्या सीलमधून आलेली तेलाची वाफ आहे, आणि सगळे सेन्सर दाब सहन करायला बनवलेले नसतात, काहींच्या झाकणातून किंवा कनेक्टरमधून हवा गळते. सेन्सर या जागेसाठी वापरून बघितलेला आहे याची खात्री करूनच घ्या. एरवी मी पहिलीच जागा सांगेन.

जागा कुठलीही असो, मीटरला सरळ हवा लागते. बेंडनंतर लगेच बसवला तर हवा एका भिंतीला चिकटून वळते आणि सेन्सर नळीच्या फक्त एका ठिकाणची हवा बघत असतो, मग तो जे बघतो ते पूर्ण नळीचं खरं नसतं. पुस्तकी हिशोबाने आधी व्यासाच्या दहापट सरळ पाइप हवा, ८० साठी ८० सेंटिमीटर, बॉनेटखाली कोणाकडे आहे एवढी जागा! चार ते सहापट मिळाली तरी चालवून घ्या, आणि जास्त हवा मिळेल म्हणून हाउसिंगमधली जाळी कापून टाकू नका, ती हवा सरळ करायलाच असते.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका गाडीत मीटर एल्बोच्या नंतर चार बोटांवर होता, ट्रिम (ईसीयू स्वतः पेट्रोलमध्ये जी टक्केवारी वाढवतो-कमी करतो ती) सगळे व्यवस्थित सेट केले, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिसला फिल्टर काढून परत बसवताना एल्बो थोडा फिरला, घड्याळातल्या एका तासाएवढा. बस, एवढंच. क्रूझला जे ट्रिम दोन टक्क्यांत होते ते अकरावर गेले. एल्बो परत जुन्या खुणेवर फिरवला, ट्रिम परत जागेवर. तेव्हापासून माझ्या सगळ्या जोडांवर पांढऱ्या मार्करची रेघ असते, पाइपावर आणि होसवर एकत्र.

टर्बोच्या तोंडाच्या अगदी जवळ पण नको. थ्रॉटल सोडल्यावर हवा उलटी धडकते आणि साध्या हॉट वायरला दिशा कळत नाही, जाताना पण मोजते आणि परत येताना पण. हॉट फिल्मच्या काही मीटरना उलटा फ्लो ओळखता येतो, एचएफएम ५ त्यातलाच, पण म्हणून त्याची परीक्षा घेत बसू नका.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. सिग्नलचा ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला, बॉडीला नाही. सिग्नलची वायर इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटरपासून लांब. पाच वायरचा मीटर असेल तर त्यात तापमानाचा सेन्सर पण असतो, पण मीटर टर्बोच्या आधी असेल तर तो फिल्टरमधली थंड हवा सांगतोय, टर्बोने तापवलेली नाही. इंटरकूलरनंतर वेगळा सेन्सर बसवा, टायमिंग त्यावरून कमी करायचं असतं.

विकत घेताना

पहिला प्रश्न किमतीचा नको. पहिला प्रश्न, याचा कर्व्ह आहे का, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला किती हवा त्याचा तक्ता, आणि तो कुठल्या व्यासाच्या हाउसिंगमध्ये मोजलेला आहे. तक्ता नसेल तर तो मीटर म्हणजे आकडे पुसलेला तराजू. नकली मीटर पण याच कारणाने घात करतात, बाहेरून हुबेहूब, कनेक्टर तोच, नंबर तोच, गाडी सुरू पण होते, पण कर्व्ह भलताच, आयडलला बरोबर आणि वर पंधरा टक्के खोटा.

आणि "या इंजेक्टरसाठी कॅलिब्रेट केलेला" असा मीटर कोणी देत असेल, म्हणजे ट्यूनिंग न करता मोठे इंजेक्टर चालतील असा, तर लांब राहा. तो मीटर ईसीयूशी खोटं बोलतो. ४४० सीसीच्या जागी ६६० चे इंजेक्टर टाकले तर तो हवा दोन तृतीयांशच सांगतो, २७० ला १८०. पेट्रोल जुळून येतं, पण टायमिंग १८० च्या लोडचं पडतं. साध्या इंजिनवर लोकांनी हे खपवलंय, बूस्टवर हे नॉकिंगला आमंत्रण आहे.

मीटरच नको, मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालवू का? विचारण्यासारखा प्रश्न आहे. मोठे कॅम, प्रत्येक सिलिंडरला वेगळं थ्रॉटल, किंवा फक्त ड्रॅगची गाडी असेल तर मॅपच बरा, कारण तिथे आयडलला हवा एवढी पुढे-मागे उसळते की मीटर गोंधळतो. पण मॅपवर प्रत्येक बदलानंतर व्हीईचं, म्हणजे सिलिंडर किती टक्के भरतो त्याचं टेबल परत बसवावं लागतं, एक्झॉस्ट बदलला, कॅम बदलला, परत ट्यूनिंग. रोज चालवायच्या गाडीला, हळूहळू पार्ट बदलत जाणाऱ्याला, मी मीटरच सांगेन.

बसवल्यावर

इंजेक्टरचा साइज आणि डेड टाइम (करंट मिळाल्यावर इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ) आधी बरोबर भरा, तो चुकीचा असेल तर त्याची चूक तुम्ही मीटरच्या तक्त्यात लपवत बसाल. मग कर्व्ह टाका आणि गाडी नुसती चालवा, फुल थ्रॉटल नाही, अर्धा तास वेगवेगळ्या स्पीडला, शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिमचा लॉग घ्या. ४२ ग्रॅमला दोन्ही मिळून ६ टक्के प्लस येत असेल तर त्या खान्यात ४२ चे ४४.५ करा. एकाच खान्यात उंचवटा आला तर लगेच भरू नका, शेजारचे खाने बघा, खरा कर्व्ह गुळगुळीत असतो, मध्येच टेकाड आलं तर बहुतेक वेळा लिकेज किंवा बेंडचा त्रास असतो. फक्त आयडलला ट्रिम प्लस आणि वर बरोबर असेल तर मीटरनंतर बिनमोजलेली हवा आत येतेय. उलट बूस्टमध्येच रिच होत असेल तर बूस्ट लीक.

मग वरचा भाग वाइडबँडवर (एक्झॉस्टमध्ये खरा लॅम्डा मोजणाऱ्या सेन्सरवर), बूस्ट कमी ठेवून. मागितला ०.८० आणि आला ०.८४, तर ५ टक्के कमी मोजतोय, तेवढं वाढवा, बूस्ट थोडा वाढवा, परत. प्रत्येक पुलनंतर मीटरचा सगळ्यात वरचा व्होल्टेज वहीत लिहा. आपल्या इंजिनला पूर्ण बूस्टवर तो ४.६ च्या आत राहिला तर ठीक, ४.८ दिसला तर बूस्ट तिथेच थांबवा आणि एक साइज मोठं हाउसिंग शोधायला लागा.